राष्ट्रीय स्पर्धा धोरण आणि त्यातील सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा धोरणाचा विषय निघाला की बहुतेकांना एखाद्या बड्या कंपनीला ठोठावलेला दंड आठवतो. दंड ही या विषयाची लहान बाजू आहे. मोठी बाजू सरकारने स्वतःच करून ठेवलेल्या नियमांची आहे आणि सुधारणेची सुरुवात तिथून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. खालची उत्तरे त्या मतातून लिहिली आहेत. त्याच्या विरुद्ध जाणारे अनुभव जिथे आहेत, तिथे तेही दिले आहेत.

स्पर्धा कायदा आणि स्पर्धा धोरण यांत फरक काय?

काय करायचे नाही, हे कायदा कंपन्यांना सांगतो. संगनमताने भाव ठरवू नका, बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर करू नका, स्पर्धाच संपेल असे विलीनीकरण करू नका. अमेरिकेत असा कायदा १८९० पासून आहे. भारतात १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा जाऊन २००२ चा स्पर्धा कायदा आला.

धोरणाचा पसारा याहून बराच मोठा असतो. धंद्याचा परवाना कोणाला मिळतो, सरकार खरेदी कशी करते, सरकारी कंपनीला कोणत्या सवलती आहेत, दुसऱ्याच्या वीजवाहिन्यांतून आपली वीज नेता येते का, ग्राहकाला बँक बदलणे किती सोपे आहे, हे सगळे त्यात येते. कायदा आहे पण धोरण नाही, अशी अवस्था अनेक देशांत आहे. भारतातही राष्ट्रीय स्पर्धा धोरणाचा मसुदा २०११ मध्ये तयार झाला, तो मसुदाच राहिला.

स्पर्धा आयोग असताना वेगळे राष्ट्रीय धोरण कशाला?

स्पर्धा कायदा राबवणारा आयोग कंपनीला नोटीस काढू शकतो, पण विधिमंडळाने केलेला नियम रद्द करू शकत नाही. एखाद्या खात्याने ठरवून दिले की या भागात पाचच परवाने, तर त्या पाच जणांना संगनमत करण्याचीही गरज उरत नाही. त्यांचे काम सरकारनेच करून ठेवलेले असते. आयोगाने फार तर मंत्रालयाला पत्र लिहायचे आणि ते फायलीला लागायचे.

शिवाय असे नियम एका ठिकाणी सापडत नाहीत. काही केंद्राच्या कायद्यात असतात, काही राज्यांच्या, तर काही व्यावसायिक परिषदांच्या उपविधींत दडलेले असतात. प्रत्येक नियमाचा कोणी ना कोणी लाभार्थी असतो. लाभ मोजक्या लोकांना भरघोस होतो आणि तोटा सगळ्यांमध्ये थोडाथोडा वाटला जातो. म्हणून नियम टिकवण्यासाठी मोर्चे निघतात, तो मोडावा म्हणून कोणी रस्त्यावर येत नाही. एकेका नियमाशी सुटे भांडण केले तर दर वेळी हार ठरलेली. सगळे नियम एकदम पुढ्यात घेतले तरच एका ठिकाणी गमावणारा माणूस इतर अनेक ठिकाणी ग्राहक म्हणून कमावतो, हे त्याला दाखवता येते.

स्पर्धा वाढल्याने अर्थव्यवस्था बळकट होते म्हणजे नेमके काय होते?

भाव उतरतात, हे उत्तर सगळ्यांना माहीत असते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती उत्पादकता. स्पर्धा नसली की ढिसाळ कारभाराची कंपनीही आरामात टिकते. तिच्याकडे अडकलेले भांडवल, जागा आणि कुशल माणसे चांगल्या कंपनीकडे जात नाहीत. स्पर्धा आली की ही माणसे आणि हा पैसा हलू लागतो.

दुसरा परिणाम साखळीने होतो. वीज, मालवाहतूक, बंदर, दूरसंचार, बँकेची सेवा हे इतर प्रत्येक उद्योगाचे खर्च आहेत. त्यांपैकी एक जरी महाग राहिला तरी निर्यातदारापासून रुग्णालयापर्यंत सगळ्यांचा खर्च वाढतो. म्हणून सुधारणेचा क्रम ठरवताना ज्यांचा माल दुसऱ्यांच्या उत्पादनात जातो, ती क्षेत्रे आधी घ्यावीत.

नव्या शोधांच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. संशोधनाला पैसा लागतो आणि नफा पार घासून गेला तर तो उरत नाही. म्हणून पेटंटसारखी मुदतबंद मक्तेदारी आपण मुद्दाम देतो. पण ज्या कंपनीला कोणाची भीती नाही तिला नवे काही करण्याची घाईही नसते. या दोन टोकांच्या मधला बिंदू नेमका कुठे, यावर अर्थतज्ज्ञांत अजून एकमत नाही.

हे सगळे कोणत्या देशाने खरोखर करून पाहिले आहे का?

सगळ्यात पद्धतशीरपणे ऑस्ट्रेलियाने. फ्रेड हिल्मर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट १९९३ मध्ये अहवाल दिला. एप्रिल १९९५ मध्ये केंद्र आणि सर्व राज्यांनी मिळून तीन करारांवर सह्या केल्या. त्याच वर्षी आधीच्या दोन संस्था एकत्र करून स्पर्धा व ग्राहक आयोग उभा राहिला. राज्ये वचने पाळतात का, हे पाहण्यासाठी एक वेगळी परिषदही नेमली गेली.

त्यानंतरचे काम कष्टाचे होते. स्पर्धेला आडकाठी करणारे सुमारे १,८०० कायदे आणि नियम शोधून त्यांची यादी केली गेली आणि एकेक तपासायला घेतला गेला. वीज, वायू, पाणी, रस्ते वाहतूक या क्षेत्रांची पुनर्रचना झाली. २००५ मध्ये तिथल्या उत्पादकता आयोगाने हिशेब मांडला. त्यानुसार नव्वदच्या दशकात पायाभूत क्षेत्रांत झालेल्या उत्पादकतावाढीने आणि भावबदलांनी देशाचे सकल उत्पादन २.५ टक्क्यांनी वाढले. महागाई वजा जाता विजेचा सरासरी दर १९ टक्क्यांनी उतरला होता.

हे आकडे सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यानंतरच्या दशकात तिथली वीज पुन्हा बरीच महागली. त्याचे एक मोठे कारण वाहिन्यांच्या जाळ्यावर झालेला अवाढव्य खर्च होते. जाळे ही मक्तेदारीच असते. तिचा दर नियामक ठरवतो आणि त्याचे गणित ढिले असेल तर जितका खर्च जास्त तितकी कमाई जास्त, असा उलटा हिशेब होतो. वीजनिर्मितीत स्पर्धा आणली म्हणून सगळे बिल आपोआप शिस्तीत येत नाही.

राज्यांनी यासाठी मान्यता दिलीच कशी?

पैसे मिळाले म्हणून. यात लाजण्यासारखे काही नाही. परवाने रद्द करण्याचा राजकीय त्रास राज्यांच्या वाट्याला येणार होता आणि वाढीव कराचा मोठा वाटा केंद्राच्या तिजोरीत जमा होणार होता. म्हणून केंद्राने त्यातला हिस्सा राज्यांना द्यायचे कबूल केले. १९९७-९८ ते २००५-०६ या काळात असे सुमारे ५.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर वाटले गेले. काम झाले नाही तर हप्ता कापला जाई, आणि २००३ मध्ये काही राज्यांचे हप्ते खरोखर कापले किंवा रोखले गेले.

माझ्या मते या सगळ्या प्रयोगातून इतर संघराज्यांनी सर्वांत आधी उचलावी अशी गोष्ट हीच. सुधारणेचा फायदा एकाला आणि शिव्या दुसऱ्याला, अशी वाटणी असेल तर कागदावरची सहमती कागदावरच राहते.

सुधारणेची सुरुवात कुठून करावी?

नियमांच्या झाडाझडतीपासून, आणि ती करताना पुराव्याचा भार उलटा करण्यापासून. एरवी एखादा निर्बंध काढायचा झाला की काढणाऱ्याला सिद्ध करावे लागते की त्याने नुकसान होणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या करारातला मूळ नियम याच्या नेमका विरुद्ध होता. जनतेचा एकूण फायदा तोट्याहून जास्त आहे आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो साधता येत नाही, या दोन्ही गोष्टी दाखवता आल्या तरच निर्बंध ठेवायचा. दाखवायचे कोणी? ज्याला तो हवा आहे त्याने.

यातली गोम एका खटल्यात स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात दंतवैद्यकाचे नियमन एका मंडळाकडे आहे. त्याच्या आठ सदस्यांपैकी सहा जण व्यवसाय करणारे दंतवैद्य, आणि त्यांना निवडून देणारेही दंतवैद्यच. दात पांढरे करून देण्याची सेवा दंतवैद्य नसलेले लोक कमी पैशांत देऊ लागले, तेव्हा या मंडळाने त्यांना काम थांबवण्याची किमान ४७ पत्रे पाठवली. पत्रांवर सरकारी मंडळाचे नाव होते, हित मात्र सदस्यांच्या धंद्याचे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की व्यवसायातल्याच लोकांच्या हाती असलेल्या मंडळावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर सरकारी असल्याची सबब त्याला स्पर्धा कायद्यापासून वाचवत नाही.

व्यवसायाचे परवाने हवेतच. शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे पदवी हवी, यावर वाद नाही. पण आज अमेरिकेत काम करणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांना कामासाठी कसला ना कसला परवाना लागतो आणि १९५० च्या दशकात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. ही सगळी वाढ सुरक्षेसाठी झाली यावर माझा विश्वास नाही.

सरकारी कंपन्या बंद कराव्या लागतात का? स्पर्धा म्हणजे खासगीकरणच ना?

नाही. ऑस्ट्रेलियाच्या करारात मालकी सरकारी असावी की खासगी याबद्दल तटस्थ राहू, असे स्पष्ट लिहिले आहे. अट एवढीच की सरकारी कंपनी खासगी कंपनीशी धंद्यात उतरली तर तिला केवळ सरकारी म्हणून करमाफी किंवा स्वस्त कर्ज मिळू नये. तोट्यातली एखादी सेवा चालू ठेवायची असेल तर तिचा खर्च अर्थसंकल्पात उघड दाखवावा.

उलट खासगीकरणाच्या घाईत स्पर्धेचा बळी जाऊ शकतो. सिडनीचा विमानतळ २००२ मध्ये ५.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना विकला गेला आणि शहरासाठी दुसरा विमानतळ झालाच तर तो बांधण्याचा पहिला हक्कही त्याच खरेदीदाराला मिळाला. असा हक्क सोबत दिला की विक्रीची किंमत वाढते, अर्थमंत्र्याचे वर्ष चांगले जाते आणि त्याची भरपाई प्रवासी पुढची कित्येक वर्षे करत राहतात.

रेल्वेमार्ग किंवा वीजवाहिनी दोनदा टाकणे परवडत नाही. तिथे स्पर्धा कशी आणणार?

जाळे एकाकडे ठेवायचे आणि ते वापरण्याचा हक्क अनेकांना द्यायचा. स्पेनमध्ये अतिवेगवान रेल्वेचे रूळ एका सरकारी संस्थेकडे आहेत. त्यावर आधी फक्त सरकारी रेल्वे कंपनीच्या गाड्या धावत. मे २०२१ मध्ये माद्रिद-बार्सिलोना मार्गावर दुसऱ्या कंपनीची गाडी आली, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसऱ्या कंपनीची. तिकिटे स्वस्त झाली आणि प्रवासी वाढले.

कसोटी असते ती तपशिलात. रुळांचा मालक आणि गाड्यांचा मालक एकच असेल तर परक्या गाडीला सोयीच्या वेळा मिळत नाहीत, दुरुस्तीगृहात जागा मिळत नाही, वापराचे भाडे फुगते. म्हणून जाळ्याचा मालक वेगळा करणे किंवा निदान भाडे ठरवण्याचे काम स्वतंत्र नियामकाकडे देणे भाग पडते. इथे ढिलाई केली तर बाकी सारी रचना पोकळ ठरते.

संगनमत करणाऱ्यांना पकडतात कसे?

आतला माणूस फोडून. दक्षिण आफ्रिकेतले पावाचे प्रकरण यासाठी जरूर माहीत असावे. डिसेंबर २००६ मध्ये वेस्टर्न केप प्रांतातल्या पाव वाटप करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांच्या लक्षात आले की बड्या बेकरी कंपन्यांनी एकाच सुमारास भाव वाढवले आणि विक्रेत्यांना मिळणारी सूटही सर्वांनी सारखीच, म्हणजे एका पावामागे ७५ सेंटवर आणली. त्यांनी तक्रार केली. चौकशी सुरू होताच एक कंपनी पुढे आली आणि तिने माफीच्या बदल्यात सगळे सांगितले. दुसरीने २००७ मध्ये ९.८८ कोटी रँड दंड भरला. तिसरी लढत राहिली आणि २०१० मध्ये तिला पावाबद्दल सुमारे १९.६ कोटी रँड दंड झाला. त्याच वर्षी पिठासह इतर प्रकरणांत तिने ५० कोटी रँडवर तडजोड केली. त्यातली निम्मी रक्कम अन्नप्रक्रियेतल्या नव्या, छोट्या उद्योगांना उभे करण्यासाठी बाजूला काढली गेली. दंडाचा असा वापर मला फार योग्य वाटतो.

माफीचा साक्षीदार होण्याची ही सोय जवळपास सगळ्या आधुनिक कायद्यांत आहे. जो पहिला येईल त्यालाच पूर्ण माफी, ही तिची किल्ली. त्यामुळे साथीदारांचा एकमेकांवरचा भरवसाच उडतो. अमेरिकेने १९९३ मध्ये माफीचे नियम सोपे आणि खात्रीचे केले, तेव्हा वर्षाला जेमतेम एखादा येणारा अर्ज महिन्याला एकाहून जास्त येऊ लागला.

सरकारी निविदांमध्ये ठेकेदार आपसात रिंग करतात, तो प्रकारही हाच. तिथे पैसा थेट करदात्याचा जातो. मुद्दाम हरण्यासाठी भरलेल्या निविदांमध्ये तीच शुद्धलेखनाची चूक, तोच टंक, ठरावीक क्रमाने आळीपाळीने मिळणारी कामे, अशा खुणा दिसतात. सगळ्या निविदांचा डेटा एका ठिकाणी असेल तर त्या संगणकाला शोधता येतात. पण अनेक ठिकाणी तो खात्याखात्यांत विखुरलेला असतो.

विलीनीकरणाला आधीच परवानगी का घ्यायची? नुकसान दिसल्यावर कारवाई केली तर चालणार नाही का?

एक झालेल्या दोन कंपन्या पुन्हा वेगळ्या करणे फार अवघड असते. माणसे, यंत्रणा, ग्राहकांच्या याद्या सगळे मिसळून गेलेले असते. म्हणूनच ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षे ऐच्छिक असलेली पूर्वसूचना १ जानेवारी २०२६ पासून ठरावीक मर्यादेवरच्या व्यवहारांना सक्तीची झाली.

कोणता व्यवहार तपासायचा हे पूर्वी उलाढालीवर ठरत असे. ती मोजपट्टी अपुरी ठरली. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप सुमारे १९ अब्ज डॉलरना घेतले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपची कमाई नगण्य होती. त्यानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियाने २०१७ मध्ये व्यवहाराच्या किमतीची मर्यादा आणली. भारतानेही २०२३ च्या दुरुस्तीत २,००० कोटी रुपयांची तशीच मर्यादा घातली आणि ती सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. कॅनडाने एक वेगळी दुरुस्ती केली. विलीनीकरणाने खर्चात बचत होत असेल तर स्पर्धा घटली तरी चालेल, हा बचाव तिथल्या कायद्यात होता. तो डिसेंबर २०२३ मध्ये काढून टाकला. बचत कंपनीच्या खिशात आणि भाववाढ ग्राहकाच्या माथी, असा तो बचाव होता, तेव्हा गेला ते बरे झाले.

डिजिटल कंपन्यांसाठी वेगळे नियम का लागतात?

वेळेमुळे. युरोपीय आयोगाने गुगलला शोधनिकालांत आपलीच खरेदी-तुलनेची सेवा वर दाखवल्याबद्दल २.४२ अब्ज युरोंचा दंड २०१७ मध्ये केला. चौकशी २०१० मध्ये सुरू झाली होती आणि शेवटच्या न्यायालयाचा निकाल आला सप्टेंबर २०२४ मध्ये. एवढ्या काळात तक्रार करणारी छोटी कंपनी जगेल कशी?

म्हणून युरोपने डिजिटल बाजारांचा वेगळा कायदा केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सहा कंपन्यांना 'द्वारपाल' (म्हणजे ज्यांच्या मंचावरून गेल्याशिवाय इतरांना ग्राहक गाठणे अवघड अशा कंपन्या) ठरवून त्यांना काय करायचे आणि काय टाळायचे याची यादीच दिली. आपलीच सेवा वर दाखवायची नाही, इतरांच्या ॲप-दुकानांना अडवायचे नाही, वगैरे. मोडले तर जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत आणि पुन्हापुन्हा मोडले तर २० टक्क्यांपर्यंत दंड. भारतात अशाच स्वरूपाच्या विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. आक्षेप असा घेतला जातो की आधीच नियम घातले तर नव्या सेवा उशिरा येतात, आणि युरोपात काही सेवांच्या बाबतीत तसे झालेही आहे. तरीही चौदा वर्षांच्या खटल्यापेक्षा हा मार्ग मला जास्त न्याय्य वाटतो. फक्त यादी छोटी आणि नेमकी हवी.

जागतिक बाजारात टिकायला देशाची एखादी मोठी कंपनी नको का?

मोठी असायला हरकत नाही. देशातली स्पर्धा मारून मोठी करायला हरकत आहे. जर्मनीची सीमेन्स आणि फ्रान्सची अल्स्टॉम यांना रेल्वे व्यवसाय एक करायचा होता. चिनी कंपनीशी टक्कर द्यायला हे हवेच, असे दोन्ही सरकारांचे म्हणणे होते. युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०१९ मध्ये नकार दिला. अल्स्टॉम त्यामुळे बुडाली नाही. तिने पुढे बॉम्बार्डियरचा रेल्वे व्यवसाय घेतला आणि तो व्यवहार जानेवारी २०२१ मध्ये पूर्ण झाला.

दक्षिण कोरियाचे उदाहरण यावर नेहमी पुढे केले जाते. तिथल्या घराण्यांच्या कंपन्यांना सरकारने वाढवले, हे खरे. पण त्यांना निर्यातीची लक्ष्ये गाठावी लागत, म्हणजे स्पर्धा होतीच, ती परदेशी बाजारात होती. आणि कोरियाने स्वतःचा स्पर्धा कायदा १९८० च्या अखेरीस केला.

नोकरदारांचा यात काय संबंध?

कामगार आपली मेहनत विकतो आणि कंपन्या ती विकत घेतात. खरेदीदारांनी संगनमत केले तर पगार दबतो. 'एकमेकांची माणसे फोडायची नाहीत' असा करार केल्याबद्दल अमेरिकी न्याय खात्याने २०१० मध्ये ॲपल, गुगल, इंटेल, ॲडोबी यांच्यासह सहा कंपन्यांवर कारवाई केली. पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात त्यातल्या चार कंपन्यांनी ४१.५ कोटी डॉलर दिले. कॅनडात असे करार जून २०२३ पासून फौजदारी गुन्हा आहेत.

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे नाही, या अटीचेही तसेच. कॅलिफोर्नियात अशा अटी १८७२ पासून अमान्य आहेत आणि तिथला तंत्रज्ञान उद्योग त्यामुळे खुरटला असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये देशभर बंदीचा नियम केला, पण ऑगस्टमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द ठरवला.

पर्याय असूनही ग्राहक बदलतच नसेल तर?

मग पर्याय असून नसल्यासारखे. नंबर न बदलता मोबाइल कंपनी बदलण्याची सोय आली, तेव्हा कंपन्यांना जुन्या ग्राहकाचीही कदर करावी लागली. ब्रिटनमध्ये स्पर्धा प्राधिकरणाने २०१६ च्या चौकशीनंतर नऊ मोठ्या बँकांना आदेश दिला की ग्राहकाने संमती दिली तर त्याच्या खात्याची माहिती दुसऱ्या सेवेला सुरक्षित मार्गाने द्या. ही सोय जानेवारी २०१८ पासून सुरू झाली. खर्च कमी आणि परिणाम मोठा, अशा मोजक्या सुधारणांपैकी ही एक.

स्पर्धेमुळे ज्यांचे नुकसान होते त्यांचे काय?

हा प्रश्न टाळला की सुधारणा कोसळते, म्हणून याचे उत्तर आधीच तयार हवे. ऑस्ट्रेलियात पिण्याच्या दुधाचा भाव राज्ये ठरवत. ही पद्धत जुलै २००० मध्ये संपली. शेतकऱ्यांना मिळणारा दर घसरणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून किरकोळ विक्रीच्या दुधावर लिटरमागे ११ सेंट अधिभार लावला गेला आणि त्यातून शेतकऱ्यांना कित्येक वर्षे हप्त्याहप्त्याने मदत दिली गेली, धंदा सोडू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळी रक्कम ठेवली गेली. तरीही दूध काढणारी शेते १३ हजारांच्या आसपास होती ती पाच वर्षांत ९ हजारांच्या आसपास आली. त्यांची संख्या आधीपासून घटत होती हे खरे, पण ज्याच्या कुटुंबाचा धंदा गेला त्याला या सरासरीचे काय?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या ग्रामीण भागात स्पर्धा धोरणाविरुद्ध मोठी नाराजी होती. शाळा, बँकेची शाखा, रेल्वे स्थानक, काहीही बंद झाले तरी खापर या धोरणावर फुटे. उत्पादकता आयोगाने १९९९ मध्ये तपासून सांगितले की ग्रामीण घसरणीची मुख्य कारणे जुनी आणि वेगळी आहेत. अहवाल बरोबर होता, पण उशिरा आला. भरपाई कोणाला, किती वर्षे आणि कोणाच्या पैशातून, हे निर्णयाच्या दिवशीच जाहीर झालेले असावे.

स्पर्धा आणू नये अशी ठिकाणे आहेत का?

आहेत. ग्राहकाला सेवेचा दर्जा आधी कळत नसेल आणि पैसे तिसराच कोणी भरत असेल, तर स्पर्धा उलटू शकते. ऑस्ट्रेलियाने व्यवसाय शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज देण्याची योजना २०१२ मध्ये खासगी संस्थांना सैल हाताने खुली केली. दलाल दारोदार फिरून, फुकट लॅपटॉपचे आमिष दाखवून माणसांना प्रवेश घ्यायला लावू लागले. त्यात अभ्यासक्रम झेपणार नाही अशीही माणसे होती. २०१५ पर्यंत वर्षाची कर्जे २.९ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली आणि २०१६ च्या अखेरीस योजना गुंडाळावी लागली. संस्था एकमेकींशी जोरदार स्पर्धा करत होत्या, ती विद्यार्थी गोळा करण्यात. शिकवण्याच्या दर्जावर देखरेख आधी उभी केली असती तर ही वेळ आली नसती.

आयोग सरकारच्या दबावाखाली आला तर?

तर कायदा कितीही चांगला असो, उपयोग नाही. मेक्सिकोने २०१३ मध्ये थेट राज्यघटना बदलून स्पर्धा आणि दूरसंचार यांसाठी दोन स्वायत्त संस्था उभ्या केल्या. मोबाइल बाजारातला जवळपास ७० टक्के वाटा एका कंपनीकडे होता. तिच्यावर खास बंधने आली आणि देशांतर्गत लांब पल्ल्याच्या फोनचे वेगळे शुल्क जानेवारी २०१५ पासून बंद झाले. पुढे २०२४ च्या अखेरीस घटना पुन्हा बदलून या संस्थांची ती स्वायत्तता संपवण्यात आली. घटनेत लिहिलेलेही पुसता येते, म्हणून आयोगाला स्वतःचा निधी, सदस्यांना ठरावीक मुदत आणि कामाचे पाठबळ देणारा जनमताचा आधार हवा.

परिणाम दिसायला किती वर्षे लागतात?

एका निवडणुकीच्या मुदतीत बसत नाहीत, एवढे नक्की. ऑस्ट्रेलियात अहवाल १९९३ चा, करार १९९५ चा आणि ठोस मोजमाप २००५ चे. त्यानंतर हप्ते थांबले आणि सुधारणेचा वेगही मंदावला. औषधाचे नवे दुकान जुन्यापासून किती अंतरावर उघडायचे याचे निर्बंध मात्र या सगळ्यातून टिकून राहिले, कारण त्यांच्यामागची संघटना बळकट होती. २०१५ मध्ये इयान हार्पर यांच्या समितीने नवा आढावा घेतला. त्यातून २०१७ मध्ये बाजारातल्या ताकदीच्या गैरवापराचे कलम कडक झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र आणि राज्यांनी पुन्हा एकदा राष्ट्रीय स्पर्धा धोरणाच्या करारावर सह्या केल्या. या वेळीही सोबत ९० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा निधी आहे आणि हप्ता मिळणार तो काम झाल्यावरच.